समुद्रावरून दिसणारा बर्फ

प्रश्न : माझा धाकटा भाऊ माद्रिदला नोकरी करतो. येत्या फेब्रुवारीत आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. मी, माझे यजमान, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. भाऊ म्हणतो, ग्रानादाजवळ सिएरा नेवादाला चार दिवस स्कीइंग करू. मी नकाशा उघडला, तर ते ठिकाण आफ्रिकेच्या अगदी समोर! तिथे खरंच बर्फ असतो का? आमच्यापैकी कुणीही आजवर स्कीवर पाय ठेवलेला नाही. चार दिवसांची आखणी कशी करावी?
– एक वाचक भगिनी, चिंचवड

उत्तर : ताई, बर्फ असतो. नकाशा एकदा पुन्हा उघडा आणि या वेळी आडव्या रेषा बघा. सिएरा नेवादा 37 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि आपलं श्रीनगर 34 अंशांवर. म्हणजे आफ्रिकेसमोरचा हा डोंगर गुलमर्गच्याही उत्तरेला आहे. आफ्रिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट येतं, म्हणून मन गडबडतं इतकंच.

बाकीचं काम उंची करते. दर हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. खाली मोत्रीलच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पंधरा अंश असतील, तर 2,100 मीटरवरच्या प्रादोयानो या स्कीच्या गावात एक-दोन अंश असतात, आणि सगळ्यात वरच्या चेअरलिफ्ट जिथे पोचतात त्या 3,300 मीटरवर शून्याखाली सहा. स्कीच्या उतारांवर ज्याची नजर असते ते वेलेता शिखर 3,390 मीटरच्या वर जातं. शेजारचं मुलासेन त्याहून उंच, जवळजवळ 3,480 मीटर, अख्ख्या इबेरियन द्वीपकल्पातलं सर्वोच्च. ग्रानादाच्या शेवटच्या काळातल्या एका मूर सुलतानाला स्पॅनिश लोक मुले हासेन म्हणत, त्याचं नाव या शिखराला मिळालं. हिवाळ्यात अटलांटिकवरून येणारी वादळं या भिंतीवर आपटतात आणि ओल इथेच टाकून जातात. उतारांची तोंडंही बहुतेक वायव्येला आहेत, त्यामुळे पडलेला बर्फ उन्हापासून वाचतो. नोव्हेंबरअखेरीपासून एप्रिलअखेरीपर्यंत हंगाम चालतो तो यामुळे.

पण ‘असतो’ आणि ‘असेलच’ यात फरक आहे, आणि तुमची सगळी आखणी या फरकावर उभी राहायला हवी. 1995 साली इथे अल्पाइन स्कीइंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा व्हायची होती. तयारी झाली, हिवाळा आला आणि बर्फच पडला नाही. स्पर्धा वर्षभर पुढे ढकलावी लागली. ती 1996 च्या फेब्रुवारीत झाली. आता उतारांवर कृत्रिम बर्फाच्या तोफा आहेत. पाणी बारीक थेंबांत उडवायचं आणि खाली पडेपर्यंत ते गोठू द्यायचं, अशी त्यांची रीत. इथली हवा कोरडी असते, हे त्या तोफांच्या पथ्यावर पडतं. आपल्या माठातलं पाणी कोरड्या उन्हाळ्यात जास्त गार होतं ना? तेच तत्त्व. थेंबाचा थोडा भाग वाफ होऊन उडतो आणि उरलेल्याची उष्णता घेऊन जातो, म्हणून हवा शून्याच्या जरा वर असली तरी थेंब गोठू शकतो. तरी थंडी लागतेच. नुसत्या पाण्याने डोंगर पांढरा होत नाही.

बर्फापेक्षाही मला जास्त काळजी वाऱ्याची वाटते. आल्प्समध्ये एका डोंगराला दुसऱ्याचा आडोसा असतो. सिएरा नेवादा मोकळ्या मैदानातल्या एकट्या वडासारखा उभा आहे. वारा सुटला की वरच्या चेअरलिफ्ट बंद, फारच सुटला की सगळंच बंद. आकाश निळंशार, बर्फ गुडघाभर आणि तरी दिवस वाया, असं तिथे होतं. म्हणून चारही दिवस डोंगराला बांधून टाकू नका. पायथ्याशी ग्रानादासारखं शहर आहे हेच या ठिकाणाचं खरं वैभव. डोंगर बंद झाला तर तासाभरात तुम्ही आल्बाइसीन या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत असता. आल्प्समधल्या एखाद्या खेड्यात अडकलात तर खिडकीतून वारा बघत बसावं लागतं.

इथे एक अडचण आहे, ती आधीच सांगतो. ग्रानादाच्या अलहंब्रा किल्ल्याचं तिकीट आयत्या वेळी मिळत नाही. तिथल्या नासरी महालांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की चुकली, आणि दारात पासपोर्ट दाखवावा लागतो. त्यामुळे ‘डोंगर बंद पडला तर अलहंब्रा बघू’ हा बेत चालत नाही. अलहंब्राचा दिवस सगळ्यांत आधी पक्का करा, शक्यतो ग्रानादात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. डोंगराचे तीन दिवस त्यानंतर ठेवा, आणि शेवटी एक दिवस पूर्ण मोकळा. भाऊ ‘चार दिवस’ म्हणतोय, तुम्ही पाच मागून घ्या.

वारही जपून निवडा. शनिवार-रविवारी ग्रानादा, मालागा, सेविया असं सगळं अंदालुसिया वर येतं. 28 फेब्रुवारी हा अंदालुसिया प्रदेशाचा दिवस, त्याला लागून शाळांना सुटी असते, तेव्हाची गर्दी तर विचारू नका. फेब्रुवारीचा पहिला किंवा दुसरा आठवडा, सोमवार ते गुरुवार, हा डोंगरावरच्या दिवसांसाठी उत्तम काळ. भावाला तेवढी रजा आत्ताच टाकायला सांगा. माद्रिदहून ग्रानादाला 2019 पासून थेट वेगवान गाडी आहे, साडेतीन तासांच्या आसपास लागतात. ग्रानादाहून वर बत्तीसेक किलोमीटरचा घाट. भाऊ गाडी घेऊ म्हणेल. घाटात बर्फ असला तर चाकांना साखळ्या लागतात आणि त्या कडाक्याच्या वाऱ्यात, रस्त्याच्या कडेला वाकून चढवाव्या लागतात. ग्रानादाच्या बसस्थानकावरून सकाळी बस सुटते, तिने जा.

राहायचं कुठे? मुलं लहान आहेत, पहिलीच वेळ आहे, म्हणून माझा कौल तीन रात्री प्रादोयानोत राहण्याला. गाव फार देखणं नाही हे आधीच मनाशी धरा. 1960 च्या दशकापासून सोयीसाठी उभ्या राहिलेल्या इमारती आहेत, उतारावर एकावर एक चढलेल्या. खोली घेताना गोंडोलाच्या, म्हणजे दोरावरून वर जाणाऱ्या बंद पाळण्यांच्या, चौकापासून किती पायऱ्या आहेत ते विचारा, ‘किती मिनिटं’ हे विचारू नका. स्कीचे बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन, नऊ वर्षांच्या मुलाचंही सामान उचलून चढायचं आहे. तिथली पाच मिनिटं मुंबईच्या पंधरा मिनिटांएवढी होतात.

आता प्रत्यक्ष शिकणं. नवशिक्यांचे उतार गावात नाहीत. गोंडोलाने बोर्रेगिलेसला जायचं, 2,645 मीटरवर. तिथे सपाटीसारखी रुंद जागा आहे, हिरव्या रंगाने दाखवलेले सोपे उतार आहेत, आणि उभं राहिलं की आपोआप वर नेणारा सरकता पट्टा आहे. हिरवा, निळा, लाल, काळा अशी अवघडपणाची चढती भाजणी लक्षात ठेवा. पहिले दोन दिवस हिरव्यावरच राहा.

पैसे कुठे खर्च करायचे आणि कुठे वाचवायचे याबद्दल माझं ठाम मत आहे : शिक्षकावर हात आखडू नका. कपडे भाड्याने मिळतात, स्की आणि बूट तर भाड्यानेच घ्यायचे. खोली थोडी लहान चालेल. पण ‘भावाला थोडं येतं, तोच शिकवेल’ हा विचार काढून टाका. ज्याला थोडं येतं त्याला स्वतः खाली येता येतं, दुसऱ्याला थांबवता येत नाही. रोज सकाळी दोन तास तरी तिथल्या स्कीच्या शाळेचा शिक्षक घ्या, इंग्रजी बोलणारा हवा हे नोंदणी करतानाच सांगा. आणि मुलांचा वर्ग वेगळा ठेवा. आई बघते आहे म्हटल्यावर मुलगा पडला की रडणार. अनोळखी पाच मुलांत पडला तर उठणार.

शिक्षक पहिला शब्द शिकवेल तो ‘कुन्या’. कुन्या म्हणजे पाचर. स्कीची पुढची टोकं जवळ, टाचा लांब, अशी पाचर पायांनी करायची. स्कीच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. ऐकायला सोपं आहे. अवघड आहे ते भीतीला आवरणं. उतार दिसला की आपलं शरीर मागे झुकतं, सिंहगड उतरताना झुकतं तसंच. पण मागे झुकलं की स्कीच्या पुढच्या भागावरचं वजन जातं, ती हाताबाहेर पळते आणि भीती वाढते. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबून धरायची, छाती दरीकडे. माझी भाची पहिल्या सकाळी अकरा वेळा पडली. बाराव्या वेळी शिक्षिकेने तिच्या बुटाच्या जिभेत एक हातमोजा खोचला आणि म्हणाली, ‘हा मोजा खाली पडू द्यायचा नाही.’ भाची सगळं लक्ष त्या मोज्यावर लावून वीस मीटर घसरत आली आणि थांबली. कशी थांबली ते तिचं तिलाही कळलं नाही. खाली वाकून तिने मोजा काढला आणि तशीच पट्ट्यावर जाऊन उभी राहिली.

पडताना बाजूला, कुल्ल्यावर बसल्यासारखं पडा. हाताने सावरू नका. काठीच्या पट्ट्यात अंगठा अडकला असेल तर तो मुरगळतो, इतका नेहमी की या दुखापतीला अंगठ्याचंच नाव पडलं आहे. आपल्या पुढे, म्हणजे खाली असलेल्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने त्याला चुकवायचं. हा नियम मुलांकडून पाठच करून घ्या. आणि संध्याकाळी बोर्रेगिलेसहून गावात परतताना गोंडोलानेच उतरा. ‘शेवटचं एकदा स्कीवरून खाली जाऊ’ हा मोह दुपारी तीननंतर होतो, तेव्हा मांड्या थकलेल्या असतात आणि बर्फ चिखलासारखा झालेला असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. तुम्ही डिसेंबरची वाट बघू नका. जून 2024 पासून शुल्क मोठ्यांना 90 युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45, म्हणजे तुमच्या मुलीला पूर्ण, मुलाला निम्मं. माद्रिदला भावाच्या घरी राहणार असाल तर त्याने तिथल्या पोलिसांकडून निमंत्रणपत्र काढावं लागतं. त्याला वेळ लागतो, आजच त्याला कळवा. व्हिसासाठी 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, पण तो घेतला म्हणजे स्कीइंग त्यात आलं असं समजू नका. बऱ्याच पॉलिसींमध्ये हिवाळी खेळ वगळलेले असतात. जादा हप्ता भरून ते कलम घालून घ्या आणि डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च त्यात आहे ना, हे स्वतः वाचा. एजंट ‘सगळं आहे’ म्हणतो त्यावर थांबू नका.

आणि ऊन! गार हवेत ऊन जाणवत नाही. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे ऊन खालूनही लागतं. मलम नाकाच्या खालच्या बाजूला, हनुवटीखाली आणि कानांमागे लावा. मुलांच्या डोळ्यांवरचा गॉगल ढगाळ दिवशीही काढू देऊ नका.

प्रश्न : आमचा मुलगा गुलमर्गला जाऊन आला. स्कीइंग आवडलं, पण बुटांनी जीव घेतला म्हणतो. ते बूट इतके दुखलेच पाहिजेत का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नाही. घट्ट असले पाहिजेत, दुखता कामा नयेत. बहुतेकदा चूक मोज्यात असते. थंडी म्हणून आपण दोन जाड मोजे चढवतो. मग बुटात जागा राहत नाही, रक्त अडतं, बोटं बधिर होतात आणि उलट जास्त गार पडतात. एकच मोजा घालायचा, पातळ, गुडघ्यापर्यंतचा, शक्यतो लोकरीचा. सुती नको. थर्मलची पॅंटसुद्धा बुटात खोचायची नाही, तिची घडी नडगीवर दिवसभर रुतते.

मापही आपल्या नेहमीच्या नंबरात सांगू नका. स्कीच्या बुटाचं माप म्हणजे पावलाची लांबी, सेंटिमीटरमध्ये. घरी भिंतीला टाच टेकवून कागदावर पाऊल उभं करा, अंगठ्याच्या टोकाशी खूण करा आणि मोजपट्टीने मोजा. दुकानात बूट घातल्यावर सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की ती मागे सरकली पाहिजेत. टाच वर उचलता आली तर बूट मोठा आहे. दुकानदार घाईत असतो, मागे रांग असते. लाजू नका, दुसरा जोड मागा. पाच मिनिटं चालून बघा आणि मगच बाहेर पडा.

तो तुमचं वजनही विचारेल. खरं सांगा. बूट स्कीला जिथे अडकतो तो खटका किती जोरावर सुटावा, हे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि तुमचं कौशल्य यावरून ठरवतात. पाच-सात किलो लपवले तर खटका नको तेव्हा सुटेल. आणि फुशारकीने ‘मला चांगलं येतं’ म्हटलं तर हवा तेव्हा सुटणार नाही आणि गुडघा पिळवटून निघेल. स्कीइंगमध्ये सगळ्यांत जास्त गुडघाच दुखावतो.

प्रश्न : आम्ही कट्टर शाकाहारी, अंडंही चालत नाही. स्पेनच्या डोंगरात खायचं काय?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण डुकराचं मांस, म्हणजे खामोन, बारीक तुकड्यांच्या रूपात तिथे कित्येकांच्या लेखी चव आणणारा मसाला असतो. ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन वेवो’ असं एका दमात म्हणायला शिका : मांस नको, खामोन नको, मासे नकोत, अंडं नको. बटाट्याची तोर्तिया सगळीकडे दिसते, पण ती अंड्याची असते.

तुमच्यासाठी एक पदार्थ मात्र मी मनापासून सुचवतो. ‘बेरेन्हेनास कोन मिएल’. वांग्याचे काप पिठात घोळून तळतात आणि वरून काळी, दाट धार सोडतात. ‘मिएल’ म्हणजे मध, पण हा मध नसतो. ही ‘मिएल दे कान्या’, उसाचा रस आटवून केलेली. कोल्हापुरात हिला काकवी म्हणतात! अरबांनी ऊस स्पेनच्या किनाऱ्यावर नेला, आणि आपल्या शर्करेचं अरबीत ‘सुक्कर’ आणि स्पॅनिशमध्ये ‘आसुकार’ झालं. मोत्रील-सालोब्रेन्याच्या किनारपट्टीवर शतकानुशतकं ऊस उभा होता. सालोब्रेन्याचा साखर कारखाना 2006 मध्ये बंद पडला तेव्हा तो इतिहास संपला. काकवी मात्र टिकली, पलीकडच्या मालागा प्रांतातल्या फ्रिहिलियाना गावात ती आजही बनते. कापांच्या पिठात अंडं नाही ना, एवढं विचारून घ्या.

बाकी वेळा स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि लहान कुकर नक्की न्या. प्रादोयानोत पाणी 93 अंशांनाच उकळतं, उघड्या भांड्यातली तूरडाळ शिजायला नको इतका वेळ घेते. कुकर स्टीलचा, इंडक्शनला चालणारा न्या. तिथल्या खोल्यांत गॅस नसला तर अॅल्युमिनियमचा कुकर शेगडीवर नुसता बसून राहील. पहिल्या संध्याकाळी दमून, गारठून खोलीवर आल्यावर गरम वरणभात समोर आला की मुलं दुसऱ्या दिवशी पुन्हा उतारावर जायला तयार होतात.

प्रश्न : मुलं, नातवंडं सिएरा नेवादाला स्कीइंगला नेणार म्हणतात. माझं वय 68, गुडघे कुरकुरतात. मी खोलीत बसून काय करू?
– एक वाचक, दादर

उत्तर : खोलीत बसू नका! गोंडोलाला पायी फिरणाऱ्यांचंही तिकीट असतं. बोर्रेगिलेसपर्यंत जा, उन्हात बसा, कॉफी घ्या. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण समुद्रसपाटीवरच्या दादरहून एकदम अडीच हजार मीटरच्या वर जायचं आहे. पहिल्या दिवशी सावकाश चाला आणि पाणी पीत राहा.

तिथून एक मोठी पांढरी तबकडी दिसते, तिच्याकडे जरूर बघा. 30 मीटर व्यासाची ही रेडिओ दुर्बीण 2,850 मीटरवर उभी आहे आणि मिलिमीटरमध्ये मोजायच्या लहरी टिपते. आपल्या नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात तीस तबकड्या आहेत, एकेक 45 मीटरची. मग आपली खाली शेतात आणि यांची बर्फात का? खोडदची दुर्बीण लांब, मीटरभराच्या आसपासच्या लहरी ऐकते, त्यांना हवेतल्या बाष्पाची फिकीर नसते. मिलिमीटर लहरी बाष्पात गडप होतात. म्हणून बर्फातल्या या दुर्बिणीला कोरडी, उंच हवा लागते. म्हणजे कृत्रिम बर्फाला मदत करणारा कोरडेपणाच ताऱ्यांच्या अभ्यासालाही कामी येतो.

पण माझं ऐकाल तर एक दिवस घरच्यांना उतारावर सोडा आणि ग्रानादाहून बसने डोंगराच्या दक्षिण अंगाला, अल्पुहारात जा. पाम्पानेइरा, बुबियोन, कापिलेइरा अशी तीन पांढरी गावं एका दरीत एकाच्या वर एक बसली आहेत. घरांची छपरं सपाट, त्यावर ‘लाउना’ नावाची राखाडी माती पसरलेली, ती पाणी झिरपू देत नाही. मराठवाड्यातलं माळवद ज्याने पाहिलं असेल त्याला तिथे परकं वाटणार नाही. गल्लीच्या मधोमध पाण्याचा पाट वाहतो. तो वरच्या बर्फाचा. मूर शेतकऱ्यांनी बांधलेल्या पाटांना तिथे आजही ‘आसेकिया’ म्हणतात, शब्द अरबीच. त्यातले काही पाट शेतापर्यंत जातच नाहीत. वितळलेलं पाणी मुद्दाम डोंगराच्या अंगावर, झिरपणाऱ्या जमिनीत सोडून देतात. ते आतून सावकाश खाली येतं आणि उन्हाळ्यात, पाऊस नसताना, गावाच्या झऱ्यांतून बाहेर पडतं. धरण न बांधता पाणी साठवण्याची ही रीत शेकडो वर्षांची आहे. पांझरा-मोसम खोऱ्यातली फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांनी ही बघायलाच हवी. पर्यटक बर्फावर घसरून निघून जातात. गावं मात्र वर्षभर त्याच बर्फावर जगतात.

पूर्वी ग्रानादात बर्फ विकणारी माणसं होती, ‘नेवेरो’. उन्हाळ्यात खेचरं घेऊन डोंगर चढायचे, सावलीतल्या खळग्यांतून बर्फ भरायचे आणि ऊन चढायच्या आत शहरात पोचावं म्हणून रात्रभर उतरत यायचे. सरबतांना आणि आजाऱ्यांना तो बर्फ लागायचा. त्यांची वाट अजून आहे, पायी जाणाऱ्यांची. हिवाळ्यात तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. शहराच्या कडेला ती जिथून सुटते तिथे उभं राहून वर बघितलं तरी किती चढायचे ते कळतं.

प्रश्न : (चिंचवडच्या पत्राच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीने) स्की करताना समुद्र दिसेल का? मामा म्हणतो आफ्रिका पण दिसते.

उत्तर : मामा बरोबर सांगतो, पण तुला या वर्षी दिसणार नाही. 3,300 मीटरवर उभं राहिलं तर क्षितिज सुमारे दोनशे किलोमीटर लांब असतं, आणि मोरोक्कोचे डोंगर उंच असल्यामुळे स्वच्छ हवेच्या दिवशी क्षितिजावर डोकं काढतात. मात्र त्यासाठी अगदी वरच्या कडेला पोचावं लागतं. तू शिकशील त्या बोर्रेगिलेसचं तोंड दुसऱ्या बाजूला आहे, तिथून ग्रानादाचं मैदान दिसेल. आफ्रिका कधी कधी स्वतःच भेटायला येते. 2022 च्या मार्चमध्ये सहाराची धूळ इतकी आली की सगळे उतार विटकरी झाले होते. तुला पिवळसर बर्फ दिसला तर एक मूठ उचलून बघ, बोटांना बारीक माती लागेल.

समुद्रासाठी शेवटचा मोकळा दिवस वापरा. ग्रानादाहून सालोब्रेन्या तासाभरावर आहे. वाटेत बाजारात ‘चिरिमोया’ माग. बाहेरून हिरवं, जवळजवळ गुळगुळीत, पण फोडलंस की ओळखशील. ते सीताफळाचं भावंड आहे. ते घेऊन गावाच्या पश्चिमेच्या किनाऱ्यावर जा आणि समुद्राकडे पाठ करून उभा राहा. समोर शेतं, त्यावर पांढरं गाव, गावावर किल्ला, आणि किल्ल्याच्या मागे, ज्याच्या पलीकडच्या अंगावर तू काल दिवसभर पडत होतास, तो बर्फाचा डोंगर. बिया काळ्या असतात, त्या गिळू नकोस.